रस्त्याकडेच्या बदकाला विश्वकोशात जागा मिळते, मग आपल्या कोनाला का नाही?



मागच्या सत्रात मोठ्या गटातल्या एका मुलीने आम्हाला एक प्रश्न विचारला. त्या रविवारी त्याचे धड उत्तर आम्हाला देता आले नाही. "पुढच्या आठवड्यात सांगतो," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. नंतर घरी पुस्तके काढली, आपापसात वाद घातले, आणि आता हा लेख लिहायला बसलो आहोत. उत्तर थोडे लांब आहे. चहा घेऊन बसा. मुलांनी दूध घ्यावे.

प्रश्न असा होता. आपला वर्ग भरतो त्या रस्त्याच्या टोकाला एक आइस्क्रीमचे छोटेसे दुकान होते. दुकान म्हणजे काय, एक खिडकी, समोर दोन बाके आणि छपरावर माणसाच्या दुप्पट उंचीचा आइस्क्रीमचा कोन. कधीतरी वादळात तो एका बाजूला कलला, तो तसाच राहिला. वर्ग सुटल्यावर "कोनापाशी भेटू" असे आपण सगळेच म्हणायचो. दुकानाचे आजोबा आता थकले. त्यांनी जागा विकायची ठरवली. हे कळल्यावर आपल्या या मुलीने तिच्या दादाच्या मदतीने विकिपीडियावर त्या दुकानाची नोंद लिहिली. चांगली लिहिली होती. आम्ही वाचून शाबासकी दिली आणि "ही नक्की राहील" असेही सांगून बसलो.

नोंद राहिली नाही. तिथल्या लोकांनी आठवडाभर चर्चा केली आणि ती काढून टाकली. मुलगी वर्गात आली ती डोळे पुसतच. म्हणाली, "ताई, त्या मोठ्या बदकाची नोंद आहे. ते तर नुसते सिमेंटचे बदक आहे. मग आपला कोन खरा नाही का?"

तर मुलांनो, आधी त्या बदकाची गोष्ट ऐकू.

बदकाची गोष्ट

न्यूयॉर्क राज्यात लाँग आयलंड नावाचे लांबट बेट आहे. गेल्या शरद ऋतूत आपली सहल तिकडे भोपळे आणायला गेली होती, तेव्हा फ्लँडर्स या गावी आपण थांबलो होतो. तिथे हिरवळीवर एक पांढरेशुभ्र बदक बसलेले आहे. सुमारे २० फूट उंच आणि चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे ३० फूट लांब. त्याच्या छातीत दार आहे. दारातून आत गेले की आपण बदकाच्या पोटात!

हे बदक १९३१ साली मार्टिन माउरर नावाच्या शेतकऱ्याने बांधून घेतले. त्याचा धंदा बदके पाळण्याचा. लाँग आयलंडवर त्या काळी बदकांचे कितीतरी मळे होते. ही पांढरी पेकिन जातीची बदके १८७० च्या दशकात चीनमधून अमेरिकेत आली आणि लाँग आयलंडच्या ओढ्याकाठी चांगलीच रमली. पुढे 'लाँग आयलंडचे बदक' हा हॉटेलांच्या खाद्यपदार्थांच्या यादीत मानाचा शब्द झाला. पण बदके विकणारे पुष्कळ असल्यामुळे माउररच्या दुकानाशी गाडी थांबवायची कशाला, हा प्रश्न होताच.

त्याने युक्ती केली. लाकडाचा सांगाडा उभारला, त्यावर तारेची जाळी ठोकली आणि वरून सिमेंटचा गिलावा चढवला. (गणपतीचा मोठा देखावा करताना बांबूच्या सांगाड्यावर आकार चढवतात तो आठवा.) कारागिरांनी नमुना म्हणून एक जिवंत बदक दोरीने बांधून समोर ठेवले होते असे सांगतात. डोळ्यांच्या जागी फोर्डच्या 'मॉडेल टी' मोटारीचे मागचे दिवे बसवले. आत बदके आणि अंडी विकायला ठेवली. सुरुवातीला हे दुकान जवळच्या रिव्हरहेड गावात होते. त्याच दशकात ते उचलून फ्लँडर्सला नेले.

पाटी न लावता बदकच का बांधले? जरा हिशेब करू. मोटार तासाला ४० मैल वेगाने चालली असेल, तर ती एका सेकंदात सुमारे १८ मीटर पुढे जाते. पाटी दिसली, वाचली, "थांबू या का?" असे विचारले, या सगळ्याला पाच सेकंद लागले तर गाडी ९० मीटर पुढे गेलेली असते. आता कोण मागे वळतो! पण ३० फुटी बदक वाचावे लागत नाही. लांबूनच कळते, आणि मागच्या सीटवरची मुले आधी ओरडतात.

म्हणूनच १९२० आणि १९३० च्या दशकांत, मोटारी घरोघरी येऊ लागल्या तेव्हा, अमेरिकेच्या रस्त्यांवर अशी गमतीदार दुकाने पुष्कळ उभी राहिली. कॉफीच्या किटलीच्या आकाराचे कॉफीचे दुकान, संत्र्याच्या आकाराचे सरबताचे दुकान. लॉस एंजेलिसला १९४६ साली हॉटडॉगच्याच आकाराचे हॉटडॉगचे दुकान बांधले. 'टेल ओ द पप' असे त्याचे नाव. ते २००५ साली बंद पडले, गोदामात गेले आणि २०२२ साली पुन्हा सुरू झाले.

शिव्या आणि कौतुक

आता गोष्टीतला खरा गमतीचा भाग.

१९६४ साली पीटर ब्लेक नावाच्या वास्तुतज्ज्ञाने 'गॉड्स ओन जंकयार्ड' असे पुस्तक काढले. नावाचा अर्थ साधारण 'देवाचे भंगारखाने'. अमेरिकेचे सुंदर रस्ते पाट्यांनी, दुकानांनी आणि जाहिरातींनी कसे विद्रूप झाले आहेत, याची छायाचित्रे त्यात होती. त्यात आपले बदकही होते. म्हणजे बदकाला शिव्याच मिळाल्या.

पण ते पुस्तक वाचणाऱ्यांत रॉबर्ट व्हेंचुरी आणि डेनिस स्कॉट ब्राऊन हे वास्तुविशारद होते. बदकाचे चित्र पाहून त्यांना राग येण्याऐवजी कुतूहल वाटले. स्टीव्हन आयझेनूर यांच्याबरोबर त्यांनी १९७२ साली 'लर्निंग फ्रॉम लास व्हेगास' हे पुस्तक लिहिले. त्यात इमारतींचे दोन प्रकार सांगितले. ज्या इमारतीचा आकारच तिचा निरोप असतो, ती 'बदक'. आणि जी साधी पेटीसारखी असते व तिच्यावर पाटी किंवा नक्षी लावलेली असते, ती 'सजवलेली शेड'. त्यांचा टोला असा होता की, आपल्या मोठमोठ्या आधुनिक इमारती स्वतःला फार शहाण्या समजतात, पण मनातून त्या बदकच आहेत!

तेव्हापासून जगभरच्या वास्तुकलेच्या वर्गांत 'बदक' हा पारिभाषिक शब्द झाला. ज्यांनी लाँग आयलंड कधी पाहिले नाही, तेही परीक्षेत बदकावर उत्तर लिहितात.

पुढे बदकांचे मळे एकेक करून बंद पडले, जमिनीचे भाव चढले, आणि १९८० च्या दशकात बदकाची जागाही जाण्याची वेळ आली. लोकांनी आरडाओरडा केला. सफक काउंटीने बदक आपल्या ताब्यात घेतले आणि दुसरीकडे एका उद्यानाजवळ नेऊन ठेवले. १९९७ साली त्याचे नाव ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेले. २००७ साली ते वाजतगाजत पुन्हा फ्लँडर्सला आले. आज त्याच्या पोटात भेटवस्तूंचे दुकान आणि छोटे संग्रहालय आहे. हिवाळ्यात त्याच्या गळ्यात दिव्यांचा हार घालतात.

कोशात कोण जातो, हे कोण ठरवते?

विश्वकोश म्हणजे जगातल्या विषयांची माहिती नोंदींच्या रूपाने देणारा ग्रंथ. मराठीत या कामाचा पाया डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी घातला. त्यांचे उच्च शिक्षण कुठे झाले माहीत आहे? याच न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी, कॉर्नेल विद्यापीठात! तिथून डॉक्टरेट घेऊन ते मायदेशी परतले आणि १९२० च्या दशकात त्यांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे २३ खंड पुरे केले. त्यासाठी वर्गणीदार मिळवत ते गावोगाव फिरले. पुढे वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली 'मराठी विश्वकोशा'चे काम झाले.

छापील कोशात संपादकापुढे अडचण जागेची असते. पाने मोजकी. एक नोंद घ्यायची तर दुसरी गाळावी लागते. विकिपीडियाची अडचण वेगळी आहे. (मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी सुरू झाला.) तिथे पानांना तोटा नाही. मग वाटेल ते का लिहू देत नाहीत?

कारण तिथे कोणीही लिहू शकतो. तुम्ही लिहिलेले खरे की खोटे, हे वाचणाऱ्याला कसे कळणार? तो तुम्हाला ओळखत नाही. म्हणून त्यांनी एक कसोटी ठेवली आहे. तिला 'उल्लेखनीयता' म्हणतात. शब्द मोठा आहे, पण अर्थ सोपा आहे. त्या विषयावर इतर कोणी आधीच, सविस्तर, छापून लिहिले आहे का?

यातला प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे.

'इतर कोणी' म्हणजे ज्याचा त्यात फायदा नाही असा माणूस. दुकानदाराने स्वतः काढलेले पत्रक चालत नाही. प्रत्येक आई आपल्या बाळाला गुणी म्हणते, त्यातलाच तो प्रकार.

'सविस्तर' म्हणजे नुसता नावाचा उल्लेख नव्हे. "शनिवारी आम्ही अमुक ठिकाणी आइस्क्रीम खाल्ले," एवढ्याने नोंद लिहिता येत नाही.

'छापून' म्हणजे भरवशाच्या जागी. जिथे कोणीतरी संपादक तपासून बघतो असे वर्तमानपत्र, मासिक किंवा पुस्तक.

आणि एक लक्षात ठेवा. कसोटी 'चांगले' की 'वाईट' अशी नाही. ब्लेक यांनी बदकाला भंगारात काढले, व्हेंचुरींनी त्याला उचलून धरले. कोशाच्या हिशेबी दोन्ही सारखेच उपयोगी! दोन परक्या माणसांनी, पदरचा वेळ खर्चून, त्या दुकानाविषयी काहीतरी विचारपूर्वक लिहिले. बदक मोठे आहे म्हणून कोशात गेले नाही. त्याच्याविषयी बोलणे मोठे झाले म्हणून गेले.

आपल्या कोनाचे काय झाले?

विकिपीडियावर एखादी नोंद ठेवावी की नाही असा वाद निघाला की साधारण सात दिवस चर्चा चालते. कोणीही मत देऊ शकतो, पण ती निवडणूक नसते. हात मोजत नाहीत, कारणे बघतात.

इथे आम्हाला आमची चूक कबूल केली पाहिजे. आमच्यापैकी काही जणांनी आणि पाच-सहा पालकांनी उत्साहाच्या भरात तिथे जाऊन "ठेवा, कृपया ठेवा, फार छान दुकान आहे" असे लिहिले. त्याने काम उलट बिघडले. आपली माणसे गोळा करून आवाज वाढवणे तिथे बरे समजत नाहीत. खरे तर कुठेच समजत नाहीत. आम्ही मुलांना सांगतो की भांडणात मित्रांना बोलावू नका, आणि स्वतः तेच केले.

चर्चेत एका गृहस्थांनी शांतपणे विचारले, "या दुकानाविषयी कोणी लिहिलेले एखादे पान दाखवता का?" आम्ही शोधले. स्थानिक वर्तमानपत्रात दोन ओळी सापडल्या, त्याही दुकानाचे तास सांगणाऱ्या. दुकान कधी सुरू झाले? कोन कोणी बनवला? केव्हा कलला? कुठेच काही नाही. इतकी वर्षे आपण त्या कोनाखाली उभे राहिलो, आणि आपल्यालाही यातले एक उत्तर येत नव्हते.

नोंद काढली हे बरोबर झाले का? आमच्यात यावर दोन मते पडली. एक काका म्हणाले, "जागा फुकट आहे, एका पानाने काय बिघडते?" त्यावर दुसऱ्या ताईंचे म्हणणे, "आज या पानात चूक असली तर ती सुधारणार कोण? कुणापाशी पुरावाच नाही. उद्या कोणी तिथे लिहिले की कोन १८५० साली बसवला, तर तेही तसेच राहील." बराच वेळ वाद झाला. शेवटी आम्ही बहुतेक जण ताईंच्या बाजूला आलो. काका अजून आलेले नाहीत.

पण ताईंनीच पुढे एक गोष्ट बोलून दाखवली, ती आम्हाला जास्त टोचली. परकी माणसे लिहितात कोणाविषयी? ज्याच्याकडे आधीच लक्ष गेले आहे त्याच्याविषयी. बदक हमरस्त्यावर होते, मोठ्या शहराजवळ होते, पुस्तके लिहिणारी माणसे तिथून जात होती. गल्लीतला कोन, कोपऱ्यावरची भाजीची टपरी, आपल्यासारख्या बाहेरून आलेल्या माणसाने थाटलेले छोटे दुकान यांच्याकडे लेखक मुद्दाम फिरकत नाहीत. म्हणजे कसोटी सर्वांना सारखी असली, तरी तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट सर्वांना सारखी नाही.

आई-बाबांनो, आपल्या वडापावचेच बघा. मुंबईत पहिला वडापाव विकल्याचे श्रेय बहुधा दादर स्टेशनाबाहेर गाडी लावणाऱ्या अशोक वैद्य यांना देतात, आणि साल १९६६ सांगतात. वडापाव आज जगाला माहीत आहे. पण त्या दिवशी तिथे उभे राहून "आज एक नवा पदार्थ खाल्ला" असे कुणी लिहून ठेवले असते तर किती बरे झाले असते! आपण प्रत्येकाने कॉलेजच्या दारातल्या कुठल्या ना कुठल्या गाडीवर वडापाव खाल्ला आहे. त्या गाडीवाल्याचे पूर्ण नाव आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? आम्हाला येत नाही.

मग आम्ही काय केले?

पुढच्या रविवारी मोठा गट वह्या घेऊन दुकानाच्या आजोबांकडे गेला. प्रश्न आधी मराठीत लिहिले, मग इंग्रजीत विचारले, आणि उत्तरे घरी येऊन पुन्हा मराठीत उतरवली. (व्याकरणाचा तास त्या दिवशी बुडाला, पण भाषांतराचा दुप्पट झाला.) आजोबांना आधी वाटले, मुले फुकट आइस्क्रीम मागायला आली आहेत. मग त्यांनी आतून बुटांचे एक खोके आणले. त्यात जुने फोटो होते, पत्र्याच्या कामाची पावती होती, आणि कोन सरळ उभा असतानाचे एकुलते एक चित्र होते. कोन सरळ पाहून आम्हाला चुकल्यासारखे वाटले!

फोटोंच्या आणि मुलांच्या टिपणांच्या प्रती आम्ही गावच्या वाचनालयात दिल्या. तिथे स्थानिक इतिहासाचे एक कपाट असते. ग्रंथपालबाईंनी त्यावर तारीख घालून, पाकिटात भरून, कपाटात ठेवले. आता ती कागदपत्रे कोणालाही बघता येतील.

यामुळे कोन विश्वकोशात जाईल का? नाही. आजोबांनी स्वतःविषयी सांगितलेले आणि आपण, त्यांच्या गिऱ्हाइकांनी, उतरवलेले म्हणजे 'इतर कोणी' नव्हे. पण उद्या एखादा वार्ताहर किंवा इतिहासाचा विद्यार्थी या गावावर लिहायला बसला, तर त्याला पाकीट सापडेल. तो लिहील. त्यानंतर कदाचित नोंद होईल. कोश हा जिन्याचा वरचा मजला आहे. आपली मुलगी एकदम तिथे उडी मारायला गेली. खालच्या पायऱ्या कोणीतरी बांधाव्या लागतात, आणि त्या बांधायला तेरा वर्षांचे वय पुरते.

दुकान गेल्या महिन्यात बंद झाले. कोन क्रेनने उतरवताना आपली काही मुले तिथे उभी होती. त्यांतल्या एकाने तारीख आणि वेळ वहीत लिहून घेतली. कोणी सांगितले नव्हते.

तर बाळ, तुझ्या प्रश्नाचे उत्तर. कोन खराच होता. कोशात नसलेली वस्तू खोटी नसते, आणि लहानही नसते. तिच्याविषयी अजून कुणी लिहिलेले नसते, एवढेच. तुझी नोंद आम्ही याच अंकात पान सहावर जशीच्या तशी छापली आहे, फक्त तीन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आहेत.

घरचा अभ्यास

१. (लहान गट) बदकाच्या आकाराचे बदकांचे दुकान, तसे पुस्तकांचे दुकान कसे दिसेल? चित्र काढा.

२. (मोठा गट) आपल्या गावातल्या इमारतींपैकी एक 'बदक' आणि एक 'सजवलेली शेड' शोधा. प्रत्येकीवर पाच वाक्ये लिहा.

३. (सर्वांना) आजी-आजोबांना फोन करून विचारा: त्यांच्या लहानपणी शाळेबाहेर खाऊ कोण विकायचे? त्यांचे नाव काय? काय विकत? किंमत किती होती? उत्तरे तारखेसह वहीत लिहा.

४. (पालकांना) वरचा तिसरा प्रश्न मुलांनी तुम्हाला विचारला, तर उत्तर तयार ठेवा.